केनेडी आजार: दर तीन महिन्यांची घरची मोजणी

वर्षभरात नक्की काय कमी झालं, हे केनेडी आजार असलेल्या माणसाला आठवणीवरून सांगता येत नाही. आजार फार हळू पुढे सरकतो आणि शरीर त्याच्याशी गुपचूप जुळवून घेत राहतं. सोफ्यावरून उठताना हात कधीपासून टेकायला लागला, चहाचा कप दोन्ही हातांनी कधी धरायला लागला, हे घरातल्यांच्याही लक्षात येत नाही. मग डॉक्टर विचारतात, "मागच्या वेळेपेक्षा कसं आहे?" आणि उत्तर येतं, "तसंच आहे," नाहीतर "जरा कमी झाल्यासारखं वाटतंय." या उत्तरावर औषध, फिजिओथेरपी किंवा नोकरीतला बदल यांपैकी काहीच ठरवता येत नाही. त्यासाठी वहीत आकडे लागतात, आणि ते प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने घेतलेले लागतात.

आधी आजाराबद्दल थोडं. पूर्ण नाव स्पायनल अँड बल्बर मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे हातपाय, बोलणं आणि गिळणं यांचे स्नायू हळूहळू कमजोर करणारा आजार. अमेरिकेतल्या विल्यम केनेडी यांनी १९६८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं आणि १९९१ मध्ये त्यामागचा जनुकीय दोष सापडला. एक्स गुणसूत्रावरच्या अँड्रोजन रिसेप्टर जनुकात सीएजी हा तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा येतो. ही संख्या ३८ किंवा त्याहून जास्त असेल तर आजार होतो. बिघडलेलं प्रथिन टेस्टोस्टेरॉनमुळे जागं होऊन चेतापेशींना आणि स्नायूंना इजा करतं, म्हणून आजार पुरुषांना होतो. दोष असलेल्या बायकांना फार तर पेटके किंवा हलका कंप जाणवतो. याच कारणासाठी जिममध्ये कुणी सुचवलं म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा स्टेरॉइड घेऊ नका.

मोजायला बसण्यापूर्वी निदान पक्कं आहे ना, हे पाहा. बऱ्याच जणांना सुरुवातीला मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशींचा, जास्त वेगाने वाढणारा आजार) सांगितला जातो. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात चढणारं एन्झाइम, वाढलेलं दिसलं म्हणून काहींना स्नायूंच्या दुसऱ्याच आजाराची औषधं सुरू होतात. इथे एक गोष्ट घोटाळा करते. एक्झोम सीक्वेन्सिंग या एकाच वेळी बहुतेक जनुकं वाचणाऱ्या तपासणीचा महागडा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे केनेडी नाही, असं होत नाही. त्या तपासणीत वारंवार येणारे तुकडे नीट मोजले जात नाहीत. चिठ्ठीवर 'अँड्रोजन रिसेप्टर जनुकातील सीएजी रिपीट संख्या' असं स्पष्ट लिहून घ्या आणि रिपोर्टमध्ये आकडा आलाय का ते बघा. मात्र त्या आकड्यावरून आजार किती वेगाने वाढेल याचा हिशोब मांडू नका. तुकडे जास्त असले की लक्षणं लवकर सुरू होतात, इतकंच. सुरू झाल्यानंतरचा वेग त्यावरून कळत नाही.

सामान आणि वेळ

पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, गवंडी किंवा सुतार वापरतात ती मोठी टेप, विजेच्या कामाची रंगीत चिकटपट्टी, पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या, हात नसलेली ४५ सेंटिमीटर उंचीची पक्की खुर्ची आणि हाताची पकड मोजणारं डायनामोमीटर. प्लास्टिकची खुर्ची नको, ती मागे सरकते. डायनामोमीटर घेणं जमत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे दर वेळी त्याच उपकरणावर मोजून घ्या. दोन वेगळ्या उपकरणांचे आकडे एकाखाली एक लिहिण्यात अर्थ नाही.

महिने ठरवून टाका: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. ठाण्यात जानेवारीची सकाळ आणि ऑक्टोबरची उकाड्याची सकाळ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून खरी तुलना जानेवारीची जानेवारीशी आणि ऑक्टोबरची ऑक्टोबरशी करायची. वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ, हलका नाश्ता झाल्यावर तासाभराने. आदल्या दिवशी जिम, डोंगर, घराची साफसफाई किंवा लग्नाची धावपळ झाली असेल तर मोजणी तीन दिवस पुढे ढकला. ताप किंवा सर्दी असेल तर दोन आठवडे. चप्पल नको. ठरवलेलेच बूट घाला आणि ते झिजले तर त्याच प्रकारचे नवे घ्या. या आजारात पायांची संवेदनाही हळूहळू कमी होते आणि ती रुग्णाला स्वतःला जाणवत नाही. त्यामुळे बूट आणि उजेड बदलला तरी चाल बदलते.

सहा मिनिटांची चाल

सगळ्या मोजण्यांत ही सर्वांत कामाची, आणि हिचाच सर्वांत जास्त घोळ होतो. तिला ३० मीटरची सरळ, सपाट जागा लागते. ठाण्यातल्या उपवन किंवा मासुंदा तलावाचा काठ नको: तिथे गर्दी असते, वळणं असतात, फरशा वरखाली असतात आणि पावसात शेवाळं धरतं. घोडबंदर रोडवरच्या टॉवरचा पोडियम किंवा सोसायटीचं झाकलेलं पार्किंग उत्तम. दोन फुटी फरशी ६० सेंटिमीटरची असते, म्हणजे ५० फरशांचे ३० मीटर. तरीही एकदा टेपने मोजून घ्या, कारण सगळ्या फरशा एका मापाच्या नसतात. दोन्ही टोकांना बाटल्या ठेवा आणि दर ३ मीटरवर चिकटपट्टीची खूण करा. जुन्या इमारतीत इतकी लांबी नसेल तर १५ मीटरवर करा, पण मग कायम १५ वरच. आखूड पट्ट्यात वळसे जास्त होतात आणि अंतर कमी भरतं, त्यामुळे त्या आकड्याची हॉस्पिटलच्या आकड्याशी तुलना होत नाही.

सूचना दर वेळी त्याच शब्दांत द्या: "पळायचं नाही. सहा मिनिटांत जितकं जास्त चालता येईल तितकं चालायचं. थांबावं लागलं तर थांबा, घड्याळ चालू राहील." घड्याळ धरणाऱ्याने मिनिटामिनिटाला फक्त उरलेली मिनिटं आणि "छान चाललंय" एवढंच सांगायचं. मुलगा बाजूने चालत "चला बाबा, अजून थोडं!" म्हणाला की अंतर वाढतं आणि पुढच्या वेळी तो नसला की आजार वाढल्यासारखा दिसतो. सोबत चालणाऱ्याने रुग्णाच्या मागेच राहायचं. शेजारी चालला की रुग्ण त्याचीच गती पकडतो. मागे माणूस मात्र हवाच, कारण मांडीचे स्नायू कमजोर झाले की गुडघा सूचना न देता मुडपतो. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा गुडघा दोनदा लचकला तर तिथेच थांबा आणि 'अपूर्ण' असं लिहा.

फेऱ्या लक्षात राहत नाहीत. दर वळणाला एक काडी या खिशातून त्या खिशात टाका. वेळ संपल्यावर जिथे पाय असेल तिथून जवळच्या खुणेपर्यंतचं अंतर मोजून बेरीज करा. मीटरच्या शेजारी थांबलेला वेळ, काठी होती का आणि हवा कशी होती हेही लिहा. पहिल्या खेपेला ही चाचणी दोन वेगळ्या दिवशी करा आणि दुसऱ्या दिवसाचा आकडा धरा. माणूस चाचणी शिकतो, त्यामुळे दुसऱ्यांदा अंतर थोडं वाढतंच. पहिला आकडा धरला तर पुढचे सहा महिने सुधारणा झाल्याचा भास होतो.

एकाच माणसाच्या दोन दिवसांच्या चालीत २०-३० मीटरचा फरक सहज पडतो. ४१० चे ३९० झाले म्हणून त्या रात्री झोप घालवू नका. लागोपाठ तीन आकडे एकाच दिशेने गेले, किंवा जानेवारी ते जानेवारी ४० मीटरच्या वर उतरले, तर ती घट खरी धरा. आमच्या मते पहिल्या वर्षी आलेख काढूच नये, नुसते आकडे साठवावेत.

उठणं, जिना, हात

खुर्चीतून पाच वेळा उठून बसायचं, हात छातीवर घडी घालून. पहिल्यांदा उठायला सुरुवात केल्यापासून पाचव्यांदा बसेपर्यंतचे सेकंद लिहा. एक दिवस असा येतो की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. त्या दिवशी वहीत शून्य टाकू नका. 'हात टेकावा लागला' असं तारखेसह लिहा आणि पुढच्या वेळेपासून हात टेकून लागणारे सेकंद नव्या रकान्यात घ्या.

जिन्यासाठी दहा पायऱ्या, एकाच इमारतीच्या. वाशी-नेरुळच्या सिडकोच्या बिनलिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्यांना यासाठी कुठे जायची गरज नाही. चढण्याचे सेकंद लिहा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कठड्याचा आधार घेतला का, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवले का, हे लिहा. मदतनीसाने एक पायरी खाली उभं राहायचं. उतरण्याची वेळ घेऊ नका, पडण्याचा धोका तिथेच जास्त असतो.

पकड मोजताना बसलेले असा, कोपर अंगाला लागून काटकोनात, मनगट सरळ. प्रत्येक हाताने तीनदा, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती, आणि तिन्हींची सरासरी. या आजारात थंडीने बोटं आणखी ढिली पडतात. एसी ऑफिसमधून किंवा एसी लोकलमधून उतरून लगेच मोजलं तर आकडा खोटा पडतो. आधी अर्धा तास पंख्याखाली साध्या खोलीत बसा. बोटांच्या बारीक कामासाठी राजम्याचे ३० दाणे ताटलीतून एक-एक उचलून वाटीत टाका आणि वेळ घ्या. जगाच्या तक्त्यात याला जागा नाही, पण तुमची तुलना तुमच्याशीच असल्याने चालतं. कंपासाठी कोऱ्या कागदावर त्याच पेनाने दोन्ही हातांनी एकेक चक्राकार रेघ काढा आणि तारीख टाकून वहीत चिकटवा.

मांडीचा घेर मोजण्याचा मोह होतो, पण आम्ही तो मोजू नका असंच सांगू. स्नायू जातो आणि त्या जागी चरबी येते, त्यामुळे घेर आणि वजन दोन्ही तसेच दिसत राहतात. स्नायूत चरबी किती भरली हे मांडीच्या एमआरआयवर चांगलं मोजता येतं. ते एक-दोन वर्षांनी, त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने करायचं, आणि डॉक्टरांना त्यावरून काही ठरवायचं असेल तरच. स्नायू फडफडतात तेही मोजत बसू नका. हनुवटीजवळची किंवा मांडीवरची फडफड वाढली म्हणजे आजार वाढला असं नसतं. पेटक्यांची गोष्ट वेगळी: आठवड्यात किती रात्री पेटक्याने जाग आली, ते लिहा.

बोलणं, गिळणं, श्वास

या भागात घाई नको. 'प-त-क, प-त-क' हे १० सेकंदांत जितक्या वेळा स्पष्ट म्हणता येईल तितक्या वेळा म्हणा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. वर्तमानपत्रातला एक परिच्छेद कापून वहीत चिकटवा आणि दर वेळी तोच वाचा. वर्षभराने दोन रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकली की नाकातून येणारा आवाज आणि जिभेचा जडपणा लगेच कळतो. रोजच्या बोलण्यात तो कळत नाही.

गिळण्यासाठी घरी जेवणाचा वेळ आणि ठसका एवढंच लिहा. नेहमीचं जेवण, दोन पोळ्या-भाजी-आमटी-भात, किती मिनिटांत संपलं? ठसका कशाने लागला: चहा, पाणी, कोरडा चिवडा, भाकरीचा तुकडा? घसा खाकरावा लागतो का, आवाज ओलसर येतो का? पाण्याचे घोट मोजून गिळण्याची चाचणी स्पीच थेरपिस्टसमोरच करा. ज्याला आधीच ठसका लागतो त्याने ती घरी केली तर पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. वजन दर महिन्याला, सकाळी, त्याच काट्यावर करा. सहा महिन्यांत प्रयत्न न करता पाच टक्के उतरलं तर कारण शोधलंच पाहिजे.

या आजारात काही जणांचा घसा अचानक आवळतो, काही सेकंद श्वास आत जात नाही आणि माणूस घाबरून जातो. स्वरयंत्र आकसल्याने हे होतं. त्या वेळी ताठ बसा, तोंड बंद ठेवा आणि नाकातून हळूहळू श्वास घ्या. कधी झालं, जेवणानंतर किती वेळाने आणि आम्लपित्त होतं का, हे नोंदवा. पित्तावर उपचार केल्याने हे प्रसंग काही जणांत कमी होतात.

श्वासासाठी मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक गतीने ठोके देणारं, मोफत अ‍ॅप मिनिटाला १२० ठोक्यांवर लावा. खोल श्वास घ्या आणि एका श्वासात ठोक्याबरोबर मोठ्याने आकडे म्हणा. कुठे थांबलात ते लिहा. निरोगी प्रौढाचे साधारण ५० होतात. केनेडीत श्वसनाचे स्नायू सहसा उशिरा कमजोर होतात, पण वर्षातून एकदा पीएफटी, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी, करून ठेवा, बसून आणि आडवं होऊनही. आडवं झाल्यावर फुप्फुसाची क्षमता एक चतुर्थांशाहून जास्त घसरली तर छाती आणि पोटामधला श्वसनाचा पडदा कमजोर झाल्याची ती खूण आहे. सकाळी उठल्यावर डोकं जड असणं, दिवसा डुलक्या येणं, उशा वाढवाव्या लागणं, यासाठी तीन महिने थांबू नका.

रक्ताचे रिपोर्ट कसे वाचावेत

सीपीके बहुतेकांत वाढलेलंच असतं. ते आदल्या दिवशीच्या कष्टाने, स्नायूत घेतलेल्या इंजेक्शनने किंवा ईएमजीने (स्नायूत सुई घालून केलेल्या तपासणीने) आणखी चढतं. त्यामुळे आजार किती पुढे गेला हे त्यावरून ठरवू नका. क्रिएटिनिन मात्र उपयोगी आहे. ते स्नायूतून येतं, म्हणून स्नायू घटला की तेही उतरतं. रिपोर्टवर ०.४ पाहून अनेकजण किडनी उत्तम म्हणून खूश होतात. इथे तो स्नायू कमी असल्याचा आकडा आहे, आणि त्यावरून काढलेली किडनीची क्षमता फसवी असते. किडनीचीच शंका असेल तर सिस्टॅटिन सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी मागा. क्रिएटिनिन दर सहा महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये करा. ठाण्यातून ऐरोलीला घर बदललं आणि लॅब बदलली तर मोजण्याची पद्धतही बदलू शकते, म्हणून वहीत रेघ मारून पुढचे आकडे वेगळे ठेवा.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृतासाठी पाहिली जाणारी एन्झाइमं स्नायूंमुळेही वाढतात. यकृत बिघडलं म्हणून औषधं सुरू करण्याआधी जीजीटी हे स्नायूंमुळे न वाढणारं यकृताचं एन्झाइम पाहायला सांगा. तेही वाढलेलं असेल तर यकृताकडे बघावं लागेल, कारण या आजारात यकृतात चरबी साठणंही आढळतं. साखर आणि कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा, सोबत ईसीजी. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन सुरू करायचं ठरलं तर आधी महिनाभराची मोजणी करून ठेवा, म्हणजे अंगदुखी नवी आहे की जुनी, हे कळेल.

टप्प्यांचं पान

वहीचं शेवटचं पान फक्त तारखांसाठी ठेवा. जपानमध्ये २२३ रुग्णांच्या २००६ साली छापलेल्या अभ्यासात टप्प्यांची मध्यवर्ती वयं अशी होती: हाताचा कंप ३३, अशक्तपणा ४४, जिन्याला कठडा लागणं ४९, बोलणं जड होणं ५०, गिळण्याचा त्रास ५४, काठी ५९, व्हीलचेअर ६१. ती मध्यवर्ती वयं आहेत, म्हणजे निम्मे लोक त्यांच्या पुढे असतात आणि निम्मे मागे. तुमचं वय त्यात बसवून भविष्य काढू नका. त्यातून उपयोगाचा आहे तो फक्त क्रम.

त्याच क्रमाला आपले टप्पे जोडा: मांडी घालून बसल्यावर जमिनीवरून आधाराविना उठणं थांबलं ती तारीख. भारतीय बैठकीचं शौचालय सोडलं ती तारीख. ठाणे स्टेशनच्या पुलावर कठडा धरायला सुरुवात. ठाण्याच्या टीएमटी बसची पहिली पायरी नको वाटू लागणं. भरलेली बादली उचलणं बंद. शर्टाची वरची गुंडी दुसऱ्याने लावणं. आणि प्रत्येक पडणं: कुठे, गुडघा मुडपून की ठेचकाळून, स्वतः उठता आलं का. वर्षात दोनदा पडलात तर फिजिओथेरपिस्टकडे जाऊन काठी किंवा घोट्याच्या पट्ट्याचा विचार आताच करा. हाड मोडल्यावर महिनाभर अंथरुणात गेलेला स्नायू पुन्हा पूर्ण भरून येत नाही.

हे पान सरकारी कामातही उपयोगी पडतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हालचालीचं अपंगत्व आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार येतात. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, तपासणी सरकारी रुग्णालयाचे डॉक्टरच करतात आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात. तुमच्या वहीवरून टक्के ठरत नाहीत, पण "कधीपासून?" या प्रश्नाला तारीख असलेलं उत्तर देता येतं.

भेटीला जाताना वही न्या, पण डॉक्टरांच्या हाती एकच पान द्या: गेल्या चार मोजण्यांचे चाल, पाच उठबशा, जिना, पकड, एका श्वासातले आकडे, वजन आणि क्रिएटिनिन, खाली नवे टप्पे आणि एकच ठळक प्रश्न. मुंबईत केईएम हे दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणातलं केंद्र आहे. तिथे किंवा इतरत्र कुठे औषधाच्या चाचणीत नाव घालायचं झालं तर आधीच्या वर्षांचे नीट घेतलेले आकडे फार कामाचे ठरतात. जपानने ल्युप्रोरेलिन हे टेस्टोस्टेरॉन दाबणारं इंजेक्शन २०१७ मध्ये या आजारासाठी मंजूर केलं. त्याने हाडं आणि लैंगिक जीवनावर परिणाम होतो, तेव्हा ते न्यूरॉलॉजिस्टशी सविस्तर बोलूनच ठरवा.

वहीच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लाल शाईने लिहा. एक, भूल द्यायची वेळ आली, अगदी दाताच्या मोठ्या कामासाठीही, तर भूलतज्ज्ञाला आजाराचं नाव आणि घसा आवळण्याचा त्रास आधी सांगायचा, आणि सक्सिनिलकोलीन हे भूल देताना स्नायू ढिले करणारं औषध टाळण्याबद्दल विचारायचं. दोन, कुटुंबाचा हिशोब: रुग्णाच्या मुलग्यांना हा आजार त्याच्याकडून जात नाही, प्रत्येक मुलगी मात्र वाहक असते आणि तिच्या प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता असते. रुग्णाची आई वाहक असेल तर बहिणींपैकी प्रत्येकीची वाहक असण्याची शक्यता निम्मी, म्हणजे भाच्यांपर्यंत ही गोष्ट पोचवावी लागते. मुलीचं लग्न ठरायच्या गडबडीत हे सांगू नका. त्याआधीच, जनुकीय समुपदेशकाकडे तिच्यासोबत बसून सांगा.